फणसाचा पाट

विमला परबने फणसाच्या दोन फळ्या बाबलीच्या काउंटरवर ठेवल्या आणि मग छत्री मिटली.

"आता दाखव क्लॅम्प. फळयेक लावन बघल्याशिवाय घेवचंय नाय."

मालवण बाजारातल्या आपल्या हार्डवेअरच्या दुकानात बाबलीने नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. पण चप्पल पायात घालून बघावी तसा फळ्या आवळून धरायचा क्लॅम्प लाकडाला लावून बघणारं हे पहिलंच. बरं, बोलायचीही सोय नव्हती. लहानपणी याच सिस्टरने त्याला धरून इंजेक्शनं टोचली होती, आणि तो अजून तिला थोडा वचकून असे.

"गेल्या आठवड्यात दोन न्हेलास मां, सिस्टर?"

"न्हेलंय. तेंचा तोंड बघ केवढा, आणि माझ्यो फळयो बघ केवढ्यो!" तिने पिशवीतून सी आकाराचे दोन चिमुकले क्लॅम्प काढून फळ्यांवर आपटले. "हे घेवन मी काय कागद दाबून ठेव?"

"तुमकाच आवडलेले. हातात बरे बसतत म्हणालास."

खरं होतं ते. मागच्या खेपेला विमलाने मोठी हुशारी केली होती. बाबलीने ड्रिल-बिल असलेली भलीमोठी पेटी पुढे केली, तेव्हा "माका पाट करूचो आसा, बंगलो नाय," असं सुनावून तिने फक्त करवत, रंधा, हातोडी आणि काटकोन बघायला गुण्या एवढंच घेतलं. क्लॅम्प मात्र घेतले ते चकचकीत दिसले म्हणून. त्यांचं तोंड किती उघडतं हे बघायचंच राहिलं.

विमला धामापूरची. सारा जन्म सरकारी दवाखान्यांत परिचारिका म्हणून गेला, कधी मालवणला, कधी बांद्याला, कधी देवगडला. लग्न झालं नाही, म्हणजे तिने केलं नाही. चतुर्थी जवळ आली की बाकीच्या जणी रजेचे अर्ज घेऊन उभ्या आणि ड्यूटी विमलाच्या गळ्यात. "तुझा काय गो, तू एकटी," असं त्या म्हणत आणि विमलाही हो म्हणे. निवृत्त होऊन ती घरी परतली आणि गेल्या वर्षी तिला पहिल्यांदा घरचा गणपती आणण्यापासून पोचवण्यापर्यंत सबंध मिळाला. आरत्या म्हणून म्हणून तिचा घसा बसला होता आणि त्या बसलेल्या घशाचंही तिला कौतुक होतं.

आणि यंदा माळ्यावरून पाट काढला तर तो वाळवीने खाल्लेला. बोट लावलं तिथे भुसा.

आमच्याकडे घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिशाळेत, नेऊन द्यायचा आणि मूर्तिकाराने त्याच पाटावर मूर्ती घडवायची, अशी रीत आहे. पाट गेला म्हणजे गणपती ठरला. धाकट्या भावाला, मंगेशला, मुंबईला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, पाट गेलो तर जावंदे गो. औंदा माका रजाय गावाची नाय. आता गणपती हयसर मुंबैतच आणूया. तू ये हय."

त्याने ते काळजीनेच सांगितलं होतं. पण एकदा मुंबईला गेलेला गणपती धामापूरला परत येत नाही, हे विमलाला पक्कं ठाऊक होतं. आयुष्यभर वाट पाहिली आणि एकच चतुर्थी पदरात पडली, हे काही तिला पटेना. "आषाढ सरासर थांब," एवढीच मुदत तिने मागितली.

गावचा सुतार गुरुदास तारकर्लीला कामाला होता, तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायचं काम चालू होतं. "दिवाळीपर्यंत माका उसंत नाय गो बाय. बाजारातसून प्लायचो पाट घे," तो फोनवर म्हणाला. पण वडिलांनी लावलेला फणस वादळात पडला होता आणि त्याच्या फळ्या चिरून घरात ठेवलेल्या होत्या. त्या असताना प्लाय कशाला? "मग मीच करतलंय," विमला म्हणाली. "कर. पण आधी बोटां मोजून ठेव," असं म्हणून गुरुदास हसला होता.

बाबलीने आता आतून लांब दांड्याचे क्लॅम्प आणले. विमलाने फळ्या एकमेकींना कडेने चिकटून ठेवल्या आणि एकेक क्लॅम्प लावून पाहिला. दवाखान्यात चिमटे आले की ते उघडमीट करून, दोन्ही टोकं नीट जुळतात का ते बघूनच ती घ्यायची. इथेही तेच. एकाचा जबडा डुगडुगत होता, तो बाजूला. एकाचा स्क्रू अडखळत होता, तोही बाजूला. काउंटरवर ढीग झाला.

"सिस्टर, क्लॅम्प घेतास की जावय बघतास?"

"जावय बघताना कोण इतक्या बघणा नाय रे. म्हणान तर पुढचा सगळा होता."

बाबली मनापासून हसला. छोटे दोन त्याने परत घेतले आणि लांब दांड्याचे तीन बांधून दिले.

घरी येऊन तिने फळ्यांच्या कडांना फेविकॉल लावला, तिन्ही क्लॅम्प खालून लावले आणि जोर लावून आवळले. डब्यावर एक दिवस ठेवा असं लिहिलं होतं. तिने एक दिवस ठेवलं. मग क्लॅम्प काढून खालच्या आडव्या पट्ट्यांना खिळे मारायला घेतले, तर दुसऱ्याच ठोक्याला सांधा उकलला आणि फळ्या दोन बाजूंना पडल्या. विमला तिथेच खाली बसली. तिला रडूच आलं.

रविवारी गुरुदास गावात आला तेव्हा त्याने फळी उचलून कडेवर नख ओढलं.

"कधी काढलंस?"

"डब्यार एक दिवस लिवला हा."

"डब्याक आषाढ म्हायत आसा? हयसर पापड सुकना नाय, तुझो फेविकॉल सुकतलो? आणि आवळ, पण पिळू नको. सगळो भायर इलो तर धरतलो कोण? दोन खालसून लाव, एक वरसून. नायतर फळी पोट काढता."

देवगडला असताना एका खलाशाने होडीवर जायच्या घाईत कोयत्याने आपलं प्लास्टर कापून टाकलं होतं. हाड धरायला वेळ लागतो, तुला कळत नाही का, म्हणून विमलाने त्याला सगळ्या वॉर्डासमोर झापलं होतं. ते आठवून तिला आता हसू आलं. तो असता तर तिने त्याला चहा पाजला असता.

तिने जुना फेविकॉल खरवडला, कडांवर पुन्हा रंधा मारला आणि फळ्या जोडून खिडकीसमोर धरल्या. फटीतून उजेड दिसायचा थांबेपर्यंत रंधा चालू राहिला. मग क्लॅम्प लावून तो सगळा संसार तिने चुलीच्या उबेला ठेवला. रोज सकाळी चहा पिताना तिचे हात शिवशिवत. सुटला तर नसेल? जरा चाचपून बघू? ती हात पदराखाली घेऊन बसे. गुरुदास फोनवर पुरे म्हणाला, त्यानंतरही तिने आणखी एक दिवस जाऊ दिला.

क्लॅम्प सुटले. पट्ट्या ठोकल्या. मग विमला दार लावून घेऊन सगळ्या वजनानिशी पाटावर उभी राहिली. पाट हूं का चूं करेना. नंतर देवाच्या पाटावर पाय दिला म्हणून तिने जीभ चावली, पाट पुसून घेतला आणि त्याला नमस्कार केला.

गणपतीच्या शाळेत मातीचा वास भरला होता. पाट खाली ठेवून तिने आधी मंगेशला फोन लावला.

"पाट शाळेत दिलंय."

"कोणी केलो?"

"मिया."

"तू? बसतलो मां तेच्यार बाप्पा?"

"मी उभी ऱ्हवलंय तेच्यार. बाप्पा काय माझ्यापेक्षा जड आसा?"

मंगेश हसायला लागला. हसता हसताच म्हणाला, "पाट दिलंस म्हणजे आता येवकच होया. रजेचा बघतंय."

मूर्तिकार विनीत पाट उलटसुलट करून पाहत होता. कडेवरच्या खाचांवर त्याने बोट ठेवलं. "हे दात कोणाचे?"

"क्लॅम्पाचे. मधी लाकडाचो तुकडो घालूचो ऱ्हवलो."

"ऱ्हवांदे. घट आसा पाट." त्याने लाल रंगाची वाटी जवळ ओढली. कुणाचा पाट कुणाचा ते कळावं म्हणून प्रत्येकावर घरच्या कर्त्याचं नाव घालतात. "मंगेशाचाच घालतंय मां?"

या घराच्या पाटावर आधी तिच्या वडिलांचं नाव असे, नंतर मंगेशचं. विमला हो म्हणणारच होती, सवयीने तोंडात आलंही होतं.

"विमला घाल," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की विनीतने मान वर करून पुन्हा विचारलं.

"विमला परब."

"बरा," म्हणून त्याने ब्रश बुडवला आणि पाटाच्या पुढच्या कडेवर सावकाश नाव काढलं.

विमलाला एकदम भरून आलं. अक्षरं ओली होती, चकाकत होती. तिचा हात पुढे गेलाच होता. तो तिने पदराखाली घेतला आणि नाव सुकेपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहिली.