पेलूला तीन हाका

आमच्या गावात पेलू नावाचा माणूस तीस वर्षांपासून नव्हता. पेलू होता एक पोरगा, नारळाच्या झाडावरून पडून दात पाडून घेतलेला. तो मोठा झाला, गावच्या प्रमुखांतला एक झाला, गावानं त्याला तुईफाओ हे नाव दिलं आणि तिथं पेलू संपला. मी त्याच गावचा, त्यामुळे मला हे पक्कं ठाऊक. पण आमच्या बेटांच्या राजधानीत, आपियाच्या कोर्टात मी दुभाषा होतो, आणि साक्षीदारांच्या यादीत लिहिलं होतं : पेलू.

कारण गोऱ्या सरकारच्या प्रशासकसाहेबांनी वर्षापूर्वी एका पत्रानं तुईफाओंचं पद आणि त्याबरोबरचं नाव काढून घेतलं होतं आणि त्यांना दूरच्या बेटावर धाडलं होतं. गुन्हा काय, तर गावच्या बैठकीत कावाचा, म्हणजे आमच्याकडच्या मुळांच्या पेयाचा, पहिला मानाचा प्याला दौऱ्यावरच्या गोऱ्या अधिकाऱ्याला न देता आमच्या आंधळ्या, थोरल्या प्रमुखाला दिला. आता या कारभाराची चौकशी करायला समुद्रापलीकडून दोन न्यायाधीश आले होते. साक्षीपुरतं तुईफाओंना बोटीनं आणलं होतं. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं तर घरी परतायची आशा, नाहीतर पुन्हा तेच बेट.

सकाळी फाटकातच त्यांची बहीण सिएनीआत्या आडवी आली. "त्याला त्या नावानं हाक मारलीस तर याद राख," म्हणाली. मी म्हटलं, आत्या, यादीत तेच आहे, मी पगारी माणूस.

"मग पगार घे आणि तोंड शिवून बस."

पण हाक तर मारावीच लागली. तुईफाओ माझ्यापासून चार हातांवर चटईवर मांडी घालून बसले होते, खांद्यावर प्रमुखाची चवरी. पहिल्या हाकेला त्यांची पापणीही हलली नाही. दुसरीला मागं कुणीतरी खोकलं. तिसरीला माझाच आवाज चिरकला. भर कोर्टात मी आमच्या प्रमुखाला पोरगं करत होतो. मला स्वतःची लाज वाटली. कारकुनानं लिहिलं : गैरहजर.

थोरल्या न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मग हा समोर बसलाय तो कोण?"

मी शपथेवर होतो. शिवाय आत्या माझ्याकडे टक लावून बघत होती.

"हे तुईफाओ आहेत, साहेब."

"आणि पेलू?"

"तो पोरगा होता. आता त्या नावाचं गावात कुणी नाही."

सरकारी वकील ताडकन उठला. ते पद काढून घेतलंय, कागदावर ते नाव येताच कामा नये, म्हणाला. न्यायाधीश म्हणाले, आठ दिवस समुद्रात उलट्या करत मी इथं आलोय, ते समोरच्या माणसाला गैरहजर लिहायला नव्हे. कारकुनानं तोंड वाकडं करत खोडलं आणि नवं नाव लिहिलं.

वकिलानं तास दीड तास फिरवून फिरवून विचारलं. शेवटी म्हणाला, पहिला प्याला कुणाला, हे ठरवणारे तुम्ही कोण?

"तुईफाओ," ते म्हणाले. "ते ठरवायलाच गावानं हे नाव दिलंय."

चार महिन्यांनी अहवाल आला. प्रशासकांचं काहीही चुकलं नव्हतं म्हणे. इतका वेळ ऐकून घेऊन हे! मला तो गठ्ठा चुलीत घालावासा वाटला. तुईफाओंना तोवर आपियातच अडकवून ठेवलं होतं. हद्दपारी आणखी दोन वर्षं, असा नवा हुकूम निघाला आणि तो धक्क्यावर नेऊन वाचून दाखवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

बोट लागलेली. आत्या शेजारी उभी. मी कागद उघडला आणि थबकलो. कचेरीतल्या कुणीतरी नाव चौकशीच्या कागदांवरून जसंच्या तसं उतरवलं होतं. खाली प्रशासकांची सही आणि शिक्का; वर, "तुईफाओ यांस."

मी सगळा हुकूम वाचला.

"पहिली ओळ परत वाच," आत्या म्हणाली. मी वाचली.

तुईफाओंनी कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी घातली आणि कमरेला खोचला.

"नाव बरोबर आहे," ते म्हणाले. "येतो."

आणि बोटीत चढले.