डाव्या दारावरची पट्टी

मी बोलतेय, जुन्या पिकअपच्या डाव्या दारावरची काळी पट्टी. जरा घाईत बोलतेय, कारण माझे मालक केस वाळवायचा ड्रायर घेऊन पुढच्या चाकापाशी येऊन बसलेत आणि आता पाळी माझी आहे.

मालक सुतार. कपाटं करायची नि या गाडीतून घरोघर पोचवायची. आता त्यांचे डोळे अधू झाले, डॉक्टरांनी गाडी बंद केली. चालवणारं दुसरं कोणी नाही, म्हणून ती विकायची ठरली. आधी रंग, आणि रंगाआधी अंगावरचं सगळं उतरवायचं. सकाळी बोनेटवरचं बोधचिन्ह निघालं, मग मागची अक्षरं. त्यांच्याखाली निळा रंग कसा नवाकोरा! मालक खूश. मला मात्र घोर लागलाय. माझ्याखाली हातभर ओरखडा आहे हो!

तो बाईंचा, म्हणजे मालकांच्या बायकोचा. बारा वर्षांपूर्वी त्या गाडी शिकल्या, परवाना काढला, हातही छान बसला. एका दुपारी मालक झोपलेले असताना एकट्याच निघाल्या आणि फाटकाचा खांब दाराला घासला. मालक तर जगाला सांगत फिरायचे, "माझ्या गाडीवर ओरखडा दाखवा!" बाई तडक दुकानात गेल्या, माझी जोडी आणली, दोन्ही दारांवर एकेक चिकटवली. "शोभेला," म्हणाल्या. तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला नाही. "मला नाही जमायचं ते," एवढंच.

अगंबाई, ड्रायर सुरू झाला! गोंद सुटतोय. मालक नायलॉनचा दोरा माझ्यामागून सरासरा ओढताहेत. बाई धावत आल्या.

"अहो, तेवढी राहू द्या ना. रंगवाला काढेल."

"रंगवाला पत्रा खरवडून ठेवेल. तू हो बाजूला."

धर गं पट्टे, घट्ट धर. कसली धरतेय! निघालेच मी. मालकांनी मला मागे हौद्यात टाकलं. त्यांच्या अधू डोळ्यांना ओरखडा दिसणार नाही, अशी मी मनाची समजूत घालत होते. पण बोटं सुताराची! फळी तपासावी तसा त्यांनी दारावरून अंगठा फिरवला आणि तो मध्येच थांबला.

"खांब?"

"हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही झोपला होतात."

"आणि म्हणून गाडी सोडलीस? बारा वर्षं?"

"काय करू? तुमची ती बढाई! मला धडकी भरायची."

मालक पायरीवर बसले. माझा जीव टांगणीला.

"अगं, माझ्या हातून किती फळ्या वाया गेल्या, मोजल्यास का कधी? मी आपला तोंड वर करून बोलायचो." मग खिशातून किल्ली काढून त्यांनी बाईंच्या हातात ठेवली. "चल. रस्त्यापर्यंत तरी ने."

"पण विकायची आहे ना?"

"चालवणारी घरात असताना कोण विकतंय!"

बाई आरसा नीट करताहेत, मला मागून दिसतंय. मालक शेजारी बसलेत, दोन्ही हात मांडीवर. इंजिन सुरू झालं. गाडी हलली.

मला खूप आनंद झालाय, खरंच. पण बाई, फाटक आलं! खांब डाव्या हाताला आहे. जपून हो, आता दारावर मी नाही.