पाण्याखालची फरशी

सुनेनं खिडकीचा पडदा ओढला, गुडघे टेकून माशांच्या पेटीच्या काचेला कपाळ लावलं आणि श्वास रोखून धरला. मागे उभ्या असलेल्या सासऱ्यांनीही, कशासाठी ते न कळताच, आपला श्वास रोखला.

"बाबा, पिल्लं सुटली बघा. पोहायला लागली."

त्या मोठ्या काचपेटीत अंडी घालण्यासाठी ठेवलेला मातीचा एक उभा शंकू होता. कालपर्यंत त्याला चिकटून नुसत्या शेपट्या वळवळत होत्या. आज तिथून धुरासारखं काहीतरी पाण्यात पसरत होतं. सासरे चष्मा सावरून पुढे वाकले. त्या धुरातल्या प्रत्येक कणाला दोन डोळे होते. जन्मभर लोकांच्या घरी फरश्या बसवलेल्या या माणसाला एवढं लहान आणि तरीही एवढं पुरं काही कधी दिसलं नव्हतं.

शंकूच्या बाजूला डिस्कसची जोडी तरंगत होती. बशीसारखे गोल, चपटे मासे, केशरी अंगावर निळ्या रेघा. वर्षभर या जोडीनं अंडी घातली आणि दर वेळी स्वतःच खाऊन टाकली. दर वेळी सून काही न बोलता उठून चहा टाकायची. तेवढ्या चहावरून घरातल्यांना कळायचं.

"आता ती आईबापाच्या अंगाला लागतील," ती म्हणाली. "त्यांच्या कातडीवर साय धरते. तीच खातात. पहिले काही दिवस दुसरं काही चालत नाही त्यांना."

"बापाच्या अंगावरही?"

"बापाच्याही."

आपल्या मुलाला आपण कधी एक घास भरवला होता का, हे सासऱ्यांना आठवून आठवेना. कामं दूरदूरच्या गावी असायची आणि घरी यावं तेव्हा पोरगा झोपलेला असायचा.

पण पिल्लं आईबापाकडे गेलीच नाहीत. धूर हळूहळू खाली उतरला आणि तळाच्या काळ्या वाळूवर पसरून राहिला. तिथल्या तिथं ती तोंडं मारत होती, शोधत होती.

सुनेचा चेहरा उतरला. "काळ्या रंगाकडे जातात ती. आई-बाप या दिवसांत गडद होतात ना, त्यावरून ओळखतात. आता सगळी जमीनच काळी. त्यांना वाटतंय, हीच आई."

ती वाळू सासऱ्यांनीच घातली होती. बायको गेल्यावर ते मुलाकडे राहायला आले, तेव्हा पेटीचा तळ नुसती काच होता. जमीन नसलेलं घर त्यांना बघवेना. सून आठवडाभर कामासाठी बाहेरगावी गेली तेव्हा त्यांनी काळी वाळू आणली, पाणी नितळ येईपर्यंत धुतली आणि पसरून वर चक्क पाणसळ ठेवून ती सपाट बसलीय का ते पाहिलं. "बाबांनी माशांच्याही घराचं काम धरलंय," असं म्हणून मुलगा हसला होता. त्या काळ्यावर मासे असे उठून दिसले की परत आल्यावर सूनही म्हणाली, "राहू दे, छान दिसतंय."

"मीच नको म्हणायला हवं होतं," ती आता म्हणाली. "मला माहीत होतं. दिसायला सुंदर दिसलं आणि विसरले."

तिनं रागावायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. ही पिल्लं आपल्या हौसेपायी उपाशी मेली तर या घरात तोंड वर करून बसायचं नाही, आपल्या बंद घराची किल्ली घ्यायची आणि निघायचं, हे त्यांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

"नळीनं वाळू ओढली तर?"

"पिल्लंही जातील. आणि जोडी बिथरली तर उरलेली तीच खातील. पांढरं काहीतरी वरून अंथरता आलं तर..."

न्हाणीघराच्या कामातून उरलेल्या पांढऱ्या टाइल्स माळ्यावर होत्या. त्यांनी त्या उतरवल्या, माप घेऊन कापल्या आणि गरम पाण्यानं घासून घेतल्या. मग बाही खांद्यापर्यंत गुंडाळून हात कोमट पाण्यात घातला. टाइल तिरकी धरून इतकी सावकाश सोडली की पाणी हललं नाही. खालची पिल्लं बाजूला सरकेपर्यंत थांबले, मग टेकवली. सवयीनं ठोकून पाहायला बोट वाकवलं, तर सुनेनं मनगटच धरलं.

"बाबा, ठोकू नका!"

एकेक करत तळ पांढरा होत गेला. शेवटच्या कोपऱ्यात काळा तुकडा उरला आणि सगळा धूर तिथं दाटला. सासरे टाइल घेऊन थबकले. तेवढ्यात पिल्लं तिथून उठली आणि त्यांच्या हाताकडे आली.

सिमेंटनं खाऊन काळवंडलेला तो हात. बोटांवर, तळव्यावर, मनगटावर पिल्लं लगडली. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला दुसरा हातही मोकळा नव्हता.

"अगं, खातायत मला," ते कुजबुजले. "शोधतायत काहीतरी."

सून तोंडावर हात धरून बघत होती.

"माझ्याकडे काही नाही रे बाळांनो," ते पाण्याकडे बघून म्हणाले. "तिकडे जा."

हात तसाच धरून ते तो तसूतसूनं जोडीकडे नेऊ लागले. मादी मागे सरली. नर मात्र हलला नाही. काळपट पडलेला तो मासा पुढे आला, आडवा झाला आणि त्यानं आपली कूस थेट त्यांच्या मनगटाला लावली. एक पिल्लू त्याच्याकडे गेलं. मग दोन, मग झुंडच्या झुंड. बघता बघता नराच्या अंगावर जिवंत लव उभी राहिली. त्यानं अंगाला एक झटका दिला, तसा तो सगळा घोळका मादीच्या अंगावर गेला आणि तिथंही तसाच खाऊ लागला.

शेवटची टाइल सुनेनं बसवली.

"वाळू काढायची नाही," ती म्हणाली. "पिल्लं वेगळी केली की फरश्या उचलू. पण तेव्हाही असंच, पाणी न हलवता. मला नाही जमायचं ते."

सासऱ्यांच्या अंगठ्याशी अजून दोन-तीन पिल्लं तोंडं मारत होती. त्यांनी हात काढला नाही.

"मी आहे की," ते म्हणाले. "मी कुठं जातोय?"