परत म्हण

मास्तरांची जीभ टाळ्याला चिकटून बसली होती. ‘मी’ एवढंच म्हणायचं होतं. त्यासाठी त्यांनी ओठ ताणले, घशातून खरखर काढली, आणि शेवटी जो काही आवाज निघाला तो ऐकून मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्याचं निमित्त केलं. जर्मनमधला तो ‘इश’ ना धड श, ना धड ख. सगळ्या वर्गाचीच तिथे फेफे उडत होती. पण सिस्टरला बाकीच्यांशी काही देणंघेणं नव्हतं. ती शेजारच्या खुर्चीतून मास्तरांच्या ओठांकडे बघत होती आणि तिला फार बरं वाटत होतं.

“अजून एकदा,” ती म्हणाली.

मास्तरांनी मान डोलावली आणि पुन्हा घसा खरवडला.

जोड्या मॅडमनीच लावून दिल्या होत्या. नवशिक्यांचा संध्याकाळचा वर्ग. बहुतेक जण परदेशातल्या नोकरीच्या आशेनं आलेले. सिस्टरही त्यातलीच. तिकडच्या दवाखान्यांना नर्सेस हव्या होत्या, आणि इथे रात्रपाळ्या करून तिचे गुडघे बोलायला लागले होते. मास्तर तेवढे नोकरीसाठी आले नव्हते. मुलगा तिकडेच स्थायिक झालेला, सून तिकडची, आणि नातीला मराठीचा गंध नाही. मुलगा बापाशी कामापुरतंच बोलायचा. का, ते मास्तर सांगत नसत. सिस्टरला ते सांगायची गरजही नव्हती. त्या जिभेचे फटके तिनं स्वतः खाल्ले होते.

तिनं त्यांना पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. केस गेले, पाठ वाकली, पण एक भुवई वर चढवून समोरच्याला मापायची खोड तीच होती. त्यांनी तिला ओळखलं नाही. कशाला ओळखतील? त्यांच्या हाताखालून पोरांच्या पलटणी गेल्या.

आठवीत असताना एकदा कविता म्हणायला त्यांनी तिला उभं केलं होतं. ‘पर्वत’ शब्दावर ती अडली. प हे अक्षर लहानपणापासून तिच्या ओठांत अडकायचं. घरी आई थांबायची. मास्तर थांबले नाहीत. त्यांनी टेबलावर डस्टर आपटत ठेका धरला.

“प-प-परत म्हण.”

वर्ग हसला. ती पुन्हा अडली.

“प-प-परत म्हण.”

घंटा होईपर्यंत हे चाललं. दुसऱ्या दिवसापासून सगळी शाळा तिला पपई म्हणायला लागली. तिला शिक्षिका व्हायचं होतं, हे तिनं त्यानंतर कधी कुणाला सांगितलं नाही. जिथे तोंडापेक्षा हात जास्त चालतात असं काम तिनं शोधलं आणि प अक्षराला आयुष्यातून हद्दपार केलं. तहानलेल्या रुग्णाला ती “ग्लास भरून देऊ का?” असं विचारायची. पाठ दुखते का विचारायचं असेल तर “मागे दुखतंय का?” इतक्या सफाईनं, की नवऱ्याच्यासुद्धा कित्येक वर्षं लक्षात आलं नव्हतं.

आणि आता हा वर्ग. इथे सगळेच तोतरे. ती त्यातल्या त्यात बरी, आणि मास्तर अगदी ढ.

मध्ये एका तासाला मास्तर आले नाहीत. डोळे दाखवायला गेले होते. त्या दिवशी मॅडमनी तिकडच्या रीतीभाती सांगितल्या. तिकडे ज्याचा वाढदिवस, तोच ऑफिसात केक घेऊन येतो. जेवायला बोलावलं तर वेळेवर जायचं, लवकरही नाही. मग बोट वर करून त्या म्हणाल्या, “आणि एक. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी चुकूनही देऊ नका. आपण उत्साहाच्या भरात देऊन मोकळे होतो. त्यांच्यात तो अपशकुन. पुढचं उजाडायच्या आधीच आनंद केला, म्हणजे नशिबाला डिवचलं.”

पुढच्या वेळी मास्तर लवकर येऊन बसले होते.

“काय सिस्टर, काय बुडालं माझं?”

तिनं केक सांगितला, जेवण सांगितलं. मग ती थांबली.

“बरं झालं वाढदिवसाचं निघालं,” मास्तर म्हणाले. “रविवारी नातीचा आहे. मुलानं या वर्षी फोन करायची परवानगी दिलीय. परवानगी, बघा. मी म्हणतो, शनिवारीच करावा. सगळ्यांच्या आधी आजोबांचा फोन म्हटल्यावर पोर खूश होईल. काय?”

ते वाढदिवसाचं अख्खं जर्मन गाणं पाठ करून आले होते. वहीच्या पुठ्ठ्यावर बोटानं ताल धरत त्यांनी तिला पहिली ओळ म्हणूनही दाखवली. तोच ठेका. सिस्टरची नजर त्या बोटावर खिळली.

“छान होईल,” ती म्हणाली. “शनिवारीच करा.”

घरी जाताना ती गुणगुणत होती. नवऱ्यानं विचारलं, आज स्वारी खुशीत दिसतेय. ती म्हणाली, अभ्यास चांगला झाला.

सोमवारी मास्तर आले ते दाढी न करता. सिस्टरनं त्यांना जागा करून दिली. मास्तर तिचं नाव घेतील, अशी तिची खात्री होती. त्यावर काय बोलायचं, तेही तिनं घोटून ठेवलं होतं. सगळ्या वर्गासमोर डस्टरपासून पपईपर्यंत, एकही प न गाळता.

“आजोबा, झाला का नातीला फोन?” मॅडमनी विचारलं.

“झाला. शनिवारी केला.”

मॅडमचा खडू हवेतच राहिला.

“गाण्याची एक ओळ झाली असेल नसेल,” मास्तर म्हणाले, “सूनबाईंनी तिच्या हातून फोन काढून घेतला. मग मुलगा आला. म्हणाला, बाबा, तुम्ही तोंड उघडलंत की काहीतरी वाईटच निघतं. उद्या करू नका. नाही केला मग.”

“अहो, पण मी सांगितलं होतं वर्गात. तुम्ही नव्हतात त्या दिवशी. कुणाला विचारलं नाहीत का?”

सिस्टरनं पाठ ताठ केली.

“नाही,” मास्तर म्हणाले. “माझाच उतावळेपणा.”

झालं. मॅडम फळ्याकडे वळल्या. सिस्टरचं घोटून ठेवलेलं भाषण घशातल्या घशात राहिलं आणि ती आतून पेटली. आयुष्यभर लोकांना सोलून काढायचं, आणि म्हातारपणी थोर व्हायचं. तेही नेमकं आज, तिच्याच नाकावर टिच्चून.

तास संपताना मास्तर तिच्याकडे वळले.

“सिस्टर, माफी कशी मागायची हो त्यांच्यात? सुनेला सांगावं म्हणतो.”

तिनं सांगितलं. “एस टूट मिअर लाइट.”

“एस टूट...” ते अडले. “मीर...”

“अजून एकदा.”

“एस टूट मीर लाइड.”

“अजून एकदा.”

लोक दप्तरं भरून निघाले. मॅडम फळा पुसू लागल्या. मास्तर म्हणत राहिले. एकेकदा बरोबरही म्हणाले, पण ती नाहीच म्हणाली. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही, आणि त्यामुळे तिचा राग जास्तच चढला. पुन्हा तोंड उघडलं तेव्हा शब्द निवडायचं भान तिला राहिलं नाही.

“प...”

ओठ चिकटले. दुसरा शब्द होता की. आत्ताच इतक्या वेळा वापरलेला. तिनं तो घेतला नाही.

“प... प... प... परत म्हणा.”

मास्तर चष्मा पुसत होते. त्यांचा हात थांबला. ते तिच्या ओठांकडे बघत राहिले, मग डोळ्यांकडे. चढलेली भुवई हळूहळू खाली आली. त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला, पुस्तक मिटून बाजूला सारलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घेतले, शिक्षेला बसवलेल्या पोरासारखे.

“एस टूट मिअर लाइट,” ते तिला म्हणाले.

या वेळी त्यात एकही चूक नव्हती. मॅडम दाराशी किल्ली घेऊन उभ्या होत्या. सिस्टरनं पर्स मांडीवर घेतली, पण ती उठली नाही.

“प... परत,” ती म्हणाली.

या वर्गाला घंटा नव्हती.