खिडकीतले टोमॅटो

"आवो, हळू! फूल गळंल," केशरबाई पलंगावरून म्हणाली.

रामहरीने बोट मागे घेतलं. बंद खोलीत ना वारा, ना मधमाशी. म्हणून तो रोज सकाळी टोमॅटोच्या फुलांच्या देठाला टिचकी मारायचा, तेव्हा कुठे फळ धरायचं. पहिला बहर सगळा गळून गेला होता. मग ही युक्ती केशरबाईनेच सांगितली. जामखेडजवळच्या त्यांच्या रानात तीस वर्षं टोमॅटो लावले, बांधले, तोडले ते तिनेच. आता नगरात, दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत, ती नुसती बघत पडलेली असायची.

तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला दवाखान्यात मशीनवर न्यावं लागे. गावाहून एसटीचा हेलपाटा झेपेना, म्हणून वैजनाथने, त्यांच्या मुलाने, दवाखान्याजवळच ही खोली बघितली. तो एमआयडीसीत कामाला होता. राहायचाही तिकडेच, पण रोज संध्याकाळी आईला बघून जायचा.

आल्यावर आठवडाभरातच केशरबाई म्हणाली होती, "भिंतीकडं बघून बघून डोळं शिनलं. कायतरी हिरवं आना की."

रामहरीने रंगाचे चार रिकामे डबे मिळवले. तापलेल्या सळईने त्यांच्या बुडाला भोकं पाडली. गावाकडून पोतंभर माती, शेणखत आणि घरचं गावरान बी आणलं. खिडकीतून ऊन यायचं ते जेमतेम अकरापर्यंत. रोपं उजेडाकडे झुकायची, म्हणून तो रोज डबे फिरवून ठेवी. मातीत बोट खुपसून बघायचा, कोरडी लागली तरच पाणी.

पाण्याचंच अवघड होतं. केशरबाईला दिवसाला दोन पेल्यांपेक्षा जास्त पाणी द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिच्या कोरड्या ओठांसमोर झाडांना पाणी घालायचं रामहरीच्या जिवावर येई. ती झोपली की तो तांब्या उचलायचा. एकदा ती जागीच होती.

"घाला," ती म्हणाली. "त्यांला तरी पोटभर प्यू द्या. मी बघते."

फळं लागली तेव्हा रामहरीने ही हौस डॉक्टरांच्या कानावर घातली. डॉक्टरांनी खाण्याच्या यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "झाडं ठेवा, पण टोमॅटोची एक फोडही देऊ नका. पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं."

त्यानंतर पिकलेलं फळ दिसलं की तो खालच्या मजल्यावरच्या रेश्माला देऊन टाकायचा. फक्त शेवटच्या डब्यातला एक घोस त्याने राखला होता, चार फळांचा. "राहू द्या तेवढा. लालभडक दिसतोय," असं केशरबाई म्हणाली होती.

तो रविवार होता. रामहरी भाजी आणायला गेला आणि अर्ध्या तासात परतला. पलंग रिकामा. केशरबाई खिडकीखाली भिंतीला टेकून बसली होती. महिनाभर ती आधाराशिवाय उभी राहिली नव्हती. मांडीत मिठाची वाटी होती, आणि घोसाला नुसते देठ उरले होते.

"केशर! काय केलंस गं हे?"

"लई दिसांनी तोंडाला चव आली," ती म्हणाली. हनुवटीवर रस ओघळला होता. "आंबट हुती. आपल्या रानातल्यावानी."

"चल, दवाखान्यात जाऊ. आत्ताच."

"नगं. उद्या जायचंच हाय की. आज मला एक दिस तरी सुया नगं." तिने त्याचा हात धरला. "वैजूला सांगू नगा. लई बोलतो त्यो."

रामहरीने तिला उचलून पलंगावर निजवलं. रिक्षा बोलवावी म्हणून तो दोनदा जिन्यापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा माघारी आला. ती शांत झोपली होती, एवढ्या समाधानानं झोपलेलं त्याने तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी तिला पाय उचलेनात. दवाखान्यात पोचेपर्यंत तिची मान कलली. वैजनाथ कामावरून धावत आला. डॉक्टरांनी विचारलं, "यांनी काय खाल्लं?"

"टोमॅटो. चार," रामहरी म्हणाला. "काल दुपारी."

"कोणी दिले?" वैजनाथ ओरडला. "आई, तू..."

केशरबाईने डोळे उघडले. बोलायचं तिच्यात बळ नव्हतं. पाण्याच्या जादा घोटासाठी, लोणच्याच्या फोडीसाठी ती वर्षभर मुलाची बोलणी खात आली होती. रामहरी पलंगाच्या आणि वैजनाथच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"मी दिले," तो म्हणाला. "तिनं मागितलं न्हाई. मीच दिले."

मशीन जोडली, पण उपयोग झाला नाही. साडेअकराला ती गेली.

गावी तेरावं होईपर्यंत वैजनाथ बापाशी एक शब्द बोलला नाही. माणसं जेवून पांगल्यावर केशरबाईची बहीण भागूबाई जवळ येऊन बसली. "दाजी, खरंच तुमी दिलं व्हय? तिचा सोभाव मला ठावं हाय."

"म्याच दिलं," रामहरी म्हणाला.

आपण खोटं बोलतोय असं त्याला आता वाटेनासंच झालं होतं. जिन्यापर्यंत जाऊन माघारी फिरणारे पाय त्याचेच होते.

दुसऱ्या दिवशी दोघं खोली मोकळी करायला नगरला आले. झाडं माना टाकून सुकली होती. वैजनाथने डबे एकेक करून खाली नेले आणि आवाराच्या कोपऱ्यात पालथे केले. रामहरी खिडकीतून बघत राहिला. सगळ्यात शेवटी उरलं लोखंडी कपाट. जिना अरुंद, हमाल मिळाला नव्हता. वैजनाथ आपणहून खालच्या बाजूला गेला, जिकडे वजन येतं तिकडे. रामहरीने वरची कड धरली.

वळणावर म्हाताऱ्याच्या हातातून कड निसटू लागली. कपाट भिंतीला घासलं.

"थांबा," वैजनाथ म्हणाला. त्याने सगळा भार आपल्या गुडघ्यावर घेतला आणि बापाचा दम जागेवर येईपर्यंत मान खाली घालून तसाच उभा राहिला.

मग म्हणाला, "हं, उचला."