हल्ली मुक्काम

इंग्रजी शिकवायचीच तर पहिलीतल्या मुलांना शिकवावी, बापाला कधी शिकवू नये. माझे पप्पा, धुडकू, बत्तीस वर्षं सुरतेत लिंबायतच्या कापड कारखान्यात लूम चालवत होते. दिवाळीनंतर तो बंद पडला. मग कळलं, की इच्छापोरच्या एका कंपनीला नव्या कामगारांना शिकवायला ट्रेनर हवा आहे, आणि पप्पांनी ती नोकरी मनावर घेतली. जन्मभर त्यांनी नवशिक्यांना काम शिकवलं, पण कुणी त्यांना शिकवणारा म्हटलं नव्हतं. आता गळ्यात तसं ओळखपत्र येणार होतं. ते त्यांना इतकं हवं होतं, की माझ्यासारख्या तापट मुलीसमोर ते वही घेऊन बसले.

रोज दहा शब्द. क्वालिफिकेशन, एक्सपिरियन्स, रेफरन्स, जॉइनिंग. देवनागरीत लिहून घ्यायचे आणि सकाळी चहा पिताना मम्मीला ऐकवायचे. पुढे इंग्रजी अक्षरंही गिरवून घेतली मी. 'वीकनेस'वरून मात्र आमचं वाजलं. मी शिकवलं, की मुलाखतीत म्हणायचं, मी कामात जरा जास्तच बारकाईने बघतो. ते म्हणाले, पण मला तर ऐकू कमी येतं. मी डोक्याला हात लावला. मुलाखतीत त्यांनी तेच सांगितलं. साहेब हसून म्हणाले, लूमच्या खडखडाटात इतकी वर्षं काढून कान शाबूत असते तर मलाच शंका आली असती. पप्पांची निवड झाली. त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले, तेही मला पुढे करून.

मग फॉर्म आला. हल्लीचा पत्ता, कायमचा पत्ता. पहिल्या जागी पप्पांनी गोडादऱ्याची खोली लिहिली, दुसऱ्या जागी पारोळ्याजवळचं आमचं गाव. मी अडवलं नाही. आमच्या गल्लीत सगळेच असं लिहितात. लग्नपत्रिकेत गावाचं नाव ठळक छापतात आणि खाली बारीक अक्षरात 'ह. मु. सुरत'. पप्पांचं हे 'हल्ली' बत्तीस वर्षांचं झालं होतं. खोली आमच्या नावावर होती, मी याच खोलीत रांगले, पण रंग द्यायचा विषय काढला की ते म्हणायचे, इथं किती दिवस राहायचंय. गावच्या वांग्यांचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते.

आठवड्याने कंपनीतल्या नीलमबेनचा फोन आला. त्यांनी कायमचा पत्ता तपासायला गावी माणूस पाठवला होता. घरच्यांनीच सांगितलं, की अशी व्यक्ती इथे राहत नाही. पप्पांना फोनवर नीट ऐकू येईना. त्यांनी दोनदा 'काय?' विचारलं. शेवटी ते वाक्य मला त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणावं लागलं.

पप्पांनी लगेच भटूकाकांना, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाला फोन लावला. काका गडबडून गेले.

"भाऊ, त्यानी इचारं, धुडकू आठे राहस का? मी सांगं, नही, तो सुरतना से. काय चुकनं का मनं?"

"नही रे, काहीच नही चुकनं," पप्पा म्हणाले. मग कपाशीची चौकशी केली, काकूच्या गुडघ्याची केली आणि फोन ठेवला. मला काकांचा संताप आला होता. पण माणूस खरं बोलला, त्याच्याशी भांडणार तरी काय?

नीलमबेननी वाट काढून दिली होती. सोमवारपर्यंत नवा फॉर्म द्यायचा, कायमचा पत्ता म्हणून गोडादरा लिहायचं, सोबत खोलीचे कागद जोडायचे. नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार. मी म्हटलं, आणा, मी लिहिते. पप्पांनी नकारार्थी मान हलवली आणि पेन स्वतःकडे घेतलं.

ते किती तरी वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसले. एरवी गावाचं नाव काढलं की मला जांभया यायच्या. मे महिन्यात चार दिवस गेलो तरी मी तिसऱ्या दिवशी परतीची गाडी बघायची. पण आत्ता वाटत होतं, यांनी पेन खाली ठेवावं. नोकरी गेली तर जाऊ दे, पण हे लिहू नये.

पप्पांनी लिहायला घेतलं. मी गिरवून घेतलेल्या इंग्रजी अक्षरांत, एकेक सुटं करून. खोली नंबर, सोसायटी, गोडादरा, सुरत. खाली सही केली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"आते गावले जासू ते पाव्हना व्हईसनच जासू," ते म्हणाले.

मी फॉर्म वरपासून खालपर्यंत तपासला. एकही चूक नव्हती.