एकाच छातीचे दोन फोटो

फरशीच्या कारखान्याच्या आवारात तपासणीची गाडी उभी होती. एक्स-रेवाल्या ताईंना मान वर करायला फुरसत नव्हती. अडतीस छात्या झाल्या होत्या, चाळीसेक बाकी. एकोणचाळिसावा फोटो पडद्यावर उमटला आणि त्यांचा हात थबकला. डावीकडची पाचवी बरगडी कधीतरी मोडून वाकडी जुळलेली. हीच बरगडी तासाभरापूर्वी त्यांनी दुसऱ्या नावाखाली पाहिली होती.

त्यांनी दार ओढून घेतलं. समोरचा तरुण शर्टाची बटणं लावत होता.

"खरं सांग, कुणाच्या नावावर उभा राहिलास?"

"आमच्या घरात सगळ्यांच्या छात्या सारख्याच, ताई," तो हसला. मग त्याचा चेहरा उतरला.

नाव थोरल्या भावाचं होतं. हा माल चढवायचा. दादा फरशा घासायच्या खात्यात होता आणि सहा महिने खोकत होता. छाती खराब निघाली की घरी पाठवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कारखाना आला म्हणून तर घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब पडला होता, दादाची मुलगी दहावीपर्यंत पोचली होती. तिच्याआधी घरात कुणी चौथीच्या वर गेलं नव्हतं.

"दादा घरी बसला, तर पोरगीही घरी बसेल."

काणाडोळा करणं सोपं होतं. तरी ताईंनी दादाला बोलावून आणायला लावलं.

गाडीच्या तीन पायऱ्या चढताना दादा दोनदा थांबला. फोटोत दोन्ही फुप्फुसांवर, दगडाची धूळ साचून पडतात तसे पांढरे ठिपके विखुरले होते.

गाडीतले डॉक्टर अहवालात 'जुना खोकला' असं लिहायला निघाले. गाडीचा खर्च कारखानाच करतो, तेव्हा शब्द जपून वापरावेत, असं त्यांनी हळूच सुचवलं. बाहेर मॅनेजर दार ठोठावत होता, रांग का अडली म्हणून. ताईंनी यंत्र बंद केलं.

"कामाच्या धुळीमुळे, असं लिहा. मग कारखान्याला कायद्याने औषधपाणी आणि दुसरं काम द्यावंच लागेल. नाहीतर उरलेले फोटो तुम्हीच काढा."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. दार पुन्हा वाजलं. शेवटी त्यांनी तसं लिहून सही केली.

दादाला औषध सुरू झालं, फाटकावर बसायचं काम मिळालं, पगार निम्मा झाला. मुलगी अकरावीत गेली. हे सगळं ताईंना पुढच्या वर्षी कळलं, गाडी परत तिथे गेली तेव्हा. सांगणारा तोच धाकटा, या खेपेला स्वतःच्या नावावर. दादाची घासायची जागा आता त्याच्याकडे होती.

"पगार भरून काढायला नको का?" तो म्हणाला.

त्याचा फोटो स्वच्छ आला. तो खूश होऊन उतरला, आणि ताई दारात उभ्या राहून, दर सहा महिन्यांनी तपासून घे, तोंडावरचा मास्क काढू नकोस, असं त्याला बजावत राहिल्या.